घरगुती चौफेर ध्वनि

आषाढी वारींत संत तुकाराममहाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढें निघाली, म्हणजे इंदापूर तालुक्यांत प्रथम बेलवाडीस व नंतर खुद्द इंदापुरास रिंगण होतें. रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसानें क्षणभर डोळे मिटले, तरी भोवतालचें चित्र त्याच्यापुरतें पुसलें जात नाहीं. टाळ समोर वाजत आहेत, मृदंग उजव्या हाताला आहे, पाठीमागें बायकांचा घोळका नामघोष करीत आहे आणि अश्व डावीकडून उजवीकडे दौडत गेला, हें सारें त्याला कानांनींच कळतें. ध्वनीला दिशा असते, व ती ओळखण्याची विद्या निसर्गानें माणसाला उपजतच दिलेली आहे. चित्रपटगृहांतला चौफेर ध्वनि, ज्याला आज सर्रास ‘सराउंड साउंड’ म्हणतात, तो याच विद्येवर उभारलेला आहे.

बारामतीच्या नव्या सदनिकांत व इंदापूरच्या बंगल्यांत आतां मोठाले टीव्ही आले आहेत. परंतु टीव्ही जसजसा रुंद झाला तसतसा तो पातळहि झाला, आणि त्या पातळ देहांत स्पीकरास जागा उरली नाहीं. चित्र डोळे दिपविणारें आणि आवाज मात्र डब्यांतून आल्यासारखा, अशी स्थिति घरोघर दिसते. सिनेमांतले नगारे ऐकूं येतात पण पात्रें काय बोललीं तें कळत नाहीं, अशी तक्रार विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींची असते. म्हणून मग पांच-सहा स्पीकरांचा संच घेण्याचा विचार निघतो. हा खर्च मध्यम स्थितीच्या घरांत एकदां झाला कीं पुढें कित्येक वर्षें पुन्हां होत नाहीं. तेव्हां दुकानांतील मोठमोठ्या आंकड्यांना भुलून तो करण्यापूर्वीं, ध्वनि कसा चालतो व कान त्याचें काय करतो, हें थोडें समजून घेणें हिताचें आहे.

मनुष्याच्या दोन कानांत वीतभर अंतर आहे. उजवीकडून आलेला ध्वनि उजव्या कानास आधीं व डाव्या कानास किंचित् उशिरां पोंचतो. हा उशीर फार झाला तर सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, तरीहि मेंदु तो टिपतो. शिवाय मस्तक मध्यें आल्यामुळें दूरच्या कानावर ध्वनीची जणूं सावली पडते, आणि कानाच्या पाळीचे पेंच पुढचा व मागचा आवाज यांत भेद करण्यास साहाय्य करतात. यावरून एक चमत्कारिक गोष्ट साधतां येते. समोर डावीउजवीकडे समान अंतरावर दोन स्पीकर ठेवून दोहोंतून तोच आवाज सारख्या जोरानें काढला, तर तो दोहोंच्या मधोमध, जेथें कांहींच नाहीं अशा ठिकाणाहून आल्याचा भास होतो. मात्र ऐकणारा एका बाजूला सरकून बसला कीं हा भासहि त्याच बाजूला ओढला जातो, कारण जो आवाज आधीं पोंचतो त्याच्याच दिशेला कान महत्त्व देतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानें १९४९ सालीं या गुणधर्माचा विस्तारानें अभ्यास केला.

या ज्ञानाचा इतिहासहि मनोरंजक आहे. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें नाट्यगृहांतील संगीत दोन दूरध्वनि दोन कानांना लावून ऐकविलें. १९३१ च्या डिसेंबरांत इंग्लंडांत ॲलन ब्लुमलाइन यानें द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्याच वर्षीं मुंबईंत ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला, आणि पुढच्याच सालीं ‘अयोध्येचा राजा’ आला; त्या काळीं पडद्यामागून एकाच मार्गानें आवाज येई. १९४० सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’ चित्रपटानें प्रेक्षकांच्या भोवतीं स्पीकर ठेवून पाहिले. आपल्याकडे १९७५ सालच्या ‘शोले’नें ७० मिलिमीटरच्या पट्टीवरील अनेकमार्गी ध्वनि लोकप्रिय केला, आणि १९९२ सालीं अमेरिकेंत ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बीची अंकीय पद्धति प्रथम पडद्यावर आली. इंदापूरकरांना उजनीच्या पाण्यापलीकडचा करमाळा तालुका परका नाहीं. त्याच तालुक्यांत चित्रित झालेल्या ‘सैराट’ या २०१६ सालच्या चित्रपटासाठीं अजय-अतुल यांनीं हॉलिवुडमध्यें सिंफनी वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण करविलें. इतक्या खटपटीनें घडविलेला ध्वनि घरीं आल्यावर टीव्हीच्या पाठीमागून भिंतीवर आपटून ऐकावा लागावा, ही खेदाचीच गोष्ट होय.

दुकानांत ‘पांच पॉइंट एक’ म्हणून जो संच मिळतो, त्यांत सहा मार्ग असतात. समोर डावा, मधला व उजवा. ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंस किंचित् मागें दोन. आणि ‘एक’ म्हणजे केवळ ढाल्या, घुमणाऱ्या आवाजासाठीं असलेला सबवूफर. यांपैकीं समोरचे दोन संगीताचा विस्तार दाखवितात, मागचे दोन पाऊस, गर्दी, वारा असें वातावरण उभें करतात, व सबवूफर ढोलाचा ठोका छातीपर्यंत पोंचवितो. संवादांचा बहुतेक सारा भार मात्र मधल्या एकट्या स्पीकरावर असतो. बारामती हें मोरोपंतांचें गांव. पुराण सांगणाऱ्याचा शब्द शेवटच्या ओळींतील श्रोत्यापर्यंत स्पष्ट पोंचला पाहिजे, ही अपेक्षा त्या गांवाला अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. घरच्या संचाची परीक्षाहि प्रथम याच कसोटीवर करावी. शब्द कळला नाहीं, तर पाठीमागून पडणाऱ्या पावसाचें कौतुक पांच मिनिटांच्या वर टिकत नाहीं.

खरेदीपूर्वीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, या संचापर्यंत सहा मार्गांचा ध्वनि पोंचतो काय? स्वस्त संचांपैकीं पुष्कळांना ब्लूटूथ, यूएसबी व साध्या दोन मार्गांच्या तारेचीच सोय असते. ब्लूटूथवरून सामान्यतः दोनच मार्ग येतात. हेडफोनच्या छिद्रांतूनहि दोनच. असा संच त्या दोहोंचेंच मिश्रण पांचहि पेट्यांना वांटून देतो. पेट्या पांच दिसतात, ध्वनि दोनच मार्गांचा राहतो, आणि मागून पावसाऐवजीं नायकाचें बोलणें ऐकूं येतें. खरा चौफेर ध्वनि हवा असेल तर संचाला एचडीएमआय एआरसी किंवा प्रकाशतंतूचें, ज्याला ‘ऑप्टिकल’ म्हणतात तें, प्रवेशद्वार असावें, आणि डॉल्बी डिजिटल उलगडण्याची योजना संचांतच असावी. ही योजना आहे कीं नाहीं, हें खोक्यावरील चित्रावरून न ठरवितां माहितीपत्रकांत वाचून पाहावें. त्याबरोबरच घरांत पाहिलें काय जातें याचाहि विचार हवा. बातम्या, मालिका, जुने चित्रपट व नाट्यगीतें यांचा ध्वनि बहुधा दोन मार्गांचाच, कधीं एकाच मार्गाचा असतो. ज्या घरांत नवे चित्रपट आठवड्यांतून एखादा पाहिला जातो व एरवीं संध्याकाळभर बातम्या आणि मालिका चालतात, तेथें पांच सुमार पेट्यांपेक्षां दोन चांगले स्पीकर अधिक समाधान देतात.

दुसरा प्रश्न वॅटचा. खोक्यावर पांच हजार, दहा हजार असे आंकडे छापून त्यापुढें ‘पीएमपीओ’ हीं अक्षरें लिहिलेलीं असतात. हा आंकडा कोणत्याहि सर्वमान्य मोजणीस बांधलेला नाहीं. तो वाचून सोडून द्यावा. पाहावयाचा तो ‘आरएमएस’ हा आंकडा, म्हणजे संच सतत देऊं शकेल ती शक्ति. त्याचीहि शहानिशा करण्याची एक सोपी युक्ति आहे. संचाच्या पाठीवरील पट्टींत तो वीज किती घेतो तें लिहिलेलें असतें. जो संच भिंतींतून शंभर वॅट घेतो, तो स्पीकरांना सतत शंभराहून अधिक वॅट देणें शक्य नाहीं. कांहीं भाग उष्णतेंत जातोच. दिवाणखान्यापुरती शक्ति लागतेहि थोडी. मध्यम प्रतीचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर सुमारें ८६ डेसिबल आवाज देतो. तीन मीटरवर मोकळ्या जागेंतसुद्धां तो ७६ च्या आसपास राहतो, आणि साधें संभाषण त्याहून हळू असतें. म्हणजे बातम्या ऐकण्यास एक वॅटहि पुरतो. बाकीची शक्ति राखीव असते ती ढोल व स्फोट यांच्या क्षणिक उसळीसाठीं. शक्ति दुप्पट केल्यानें आवाज केवळ तीन डेसिबलनें वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटण्यासाठीं सुमारें दसपट शक्ति लागते. म्हणून चाळीस वॅटचा संच सोडून ऐंशी वॅटच्या संचासाठीं जादा पैसे मोजणारा गृहस्थ मुख्यतः आंकडा विकत घेत असतो.

मग घ्यावें काय? तीन मार्ग आहेत. पहिला, साउंडबार, म्हणजे टीव्हीखालीं ठेवण्याची लांबट पेटी. बरोबर वेगळा सबवूफर असलेला व मध्यें संवादासाठीं स्वतंत्र स्पीकर असलेला साउंडबार लहान खोलीस व तारांचा पसारा नको असलेल्या घरास उत्तम. कांहींच्या बरोबर मागचे दोन स्पीकरहि मिळतात. ज्यांच्या बरोबर ते मिळत नाहींत, ते भिंतीवरून आवाज परतवून किंवा कानाला फसवून चौफेरपणाचा भास निर्माण करतात. हा भास खोलीच्या आकारावर फारच अवलंबून असतो. दुसरा मार्ग, एका खोक्यांत येणारा पांच पेट्यांचा संच. यांतील उपग्रह पेट्या तळहाताएवढ्या असतील तर त्यांच्याकडून भरदार आवाजाची अपेक्षा करूं नये. तिसरा मार्ग, दोन चांगले स्पीकर व एक ॲम्प्लिफायर यांपासून आरंभ करून पुढें सवडीनें मधला, मागचे व सबवूफर जोडणें. हा मार्ग धीराचा आहे, पण पैशाचा सर्वांत चांगला मोबदला तोच देतो. पुण्याच्या बुधवार पेठेंत तपकीर गल्लींत विजेच्या व ध्वनीच्या सामानाची मोठी बाजारपेठ आहे. कोणत्याहि बाजारांत जुना ॲम्प्लिफायर घ्यावयाचा झाल्यास त्याचा प्रत्येक मार्ग स्वतंत्रपणें वाजवून पाहावा, आवाजाची कळ फिरवितांना खरखर होते काय तें ऐकावें, आणि जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतालची मऊ कड झिजून तुटली नाहीं ना, हें बोटानें हलकेच चाचपून पाहावें.

स्पीकर निवडतांना दुकानांतील गोंगाटी नमुन्यावर विसंबूं नये. मोबाइलमध्यें स्वतःच्या ओळखीचें एखादें मराठी भाषण, स्त्रीकंठांतील एखादें भावगीत व तबल्याची साथ असलेली एखादी चीज नेऊन ती ऐकावी. ओळखीचा कंठ जर नाकांतून आल्यासारखा वाटला, किंवा ‘स’ व ‘श’ टोंचूं लागले, तर तो संच कितीहि दणदणला तरी घेऊं नये.

आतां या साऱ्या विषयांतील सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत महत्त्वाची वस्तु, ती म्हणजे खोली. हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे एक काम आलें. फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द घुमत राही व श्रोत्यांस कांहींच कळत नसे. सॅबिन यांनीं दुसऱ्या सभागृहांतील गाद्या रात्रीं आणून त्यांत मांडल्या आणि प्रत्येक वेळीं नाद विरण्यास किती वेळ लागतो तें मोजलें. त्यांतून निघालेला नियम सोपा आहे. खोलीचें घनफळ घनफुटांत घेऊन त्यास ०.०४९ नें गुणावें, व खोलीच्या एकूण शोषणानें भागावें. नाद विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो. शोषणाचें माप म्हणून त्यांनीं उघडी खिडकी धरली, कारण तिच्यांतून गेलेला आवाज परत येत नाहीं. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचें एक माप.

हा नियम बारामतीच्या एखाद्या नव्या दिवाणखान्यास लावून पाहावा. खोली १२ फूट रुंद, १६ फूट लांब, १० फूट उंच; वर सिमेंटची स्लॅब, खालीं गुळगुळीत फरशी, चहूंकडे गिलावा. घनफळ १९२० घनफूट व सर्व पृष्ठभाग मिळून ९४४ चौरस फूट. असे कठीण पृष्ठभाग आवाजाचा शेंकडा तीनच भाग शोषतात असें धरल्यास शोषण २८ मापें होतें, आणि खोली अगदीं रिकामी असतां नाद विरण्यास तीन सेकंदांहून अधिक काळ लागतो. बोलणारा मनुष्य सेकंदांत चार-पांच अक्षरें उच्चारतो. म्हणजे पहिल्या अक्षराचा नाद विरण्यापूर्वीं पुढचीं दहाबारा अक्षरें त्यावर येऊन आदळतात. आतां त्याच खोलींत खिडक्यांवर जाड पडदे, कापडी कोच, जमिनीवर एक जाड सतरंजी, चार माणसें व एक उघडें दार, इतकें घातलें कीं शोषण १४० मापांच्या आसपास जातें आणि नाद दोन-तृतीयांश सेकंदांत विरतो. खोली तीच, स्पीकर तेच, पण बोललेला शब्द आतां सुटा ऐकूं येतो. यासाठीं लागणारा खर्च पडद्यांचा व सतरंजीचा. पुष्कळदां तोहि नाहीं, कारण या वस्तु घरांत असतातच.

इंदापूरच्या जुन्या वस्तींत मातीच्या जाड भिंती, लांकडी तुळया व कोनाडे असलेल्या खोल्या अद्याप आढळतात. अशा खोलींत आवाज मऊ येतो याचें कारण हेंच कीं कोनाडे, तुळया व भिंतींचा खडबडीतपणा ध्वनीला निरनिराळ्या दिशांना विखरून टाकतात. नव्या घरांत हें काम पुस्तकांचें उघडें कपाट करूं शकतें. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पडदे व गोधड्या वरच्या पट्टीचे आवाज शोषतात; सबवूफरची घुमारी त्यांना दाद देत नाहीं, आणि शेजाऱ्याकडे जाणारा आवाजहि त्यांनीं अडत नाहीं. तो अडविण्यास जड भिंत व घट्ट बसणारें दार लागतें.

खोलीची व्यवस्था लागली म्हणजे मांडणीकडे वळावें. बारा-सोळा फुटांच्या खोलींत टीव्ही अरुंद भिंतीवर असावा. डावा व उजवा स्पीकर एकमेकांपासून आठ ते साडेआठ फुटांवर, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढें, व बसल्यावर कान येतात त्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारें सवातीन ते साडेतीन फुटांवर ठेवावे. बसण्याची जागा दोहोंपासून तितक्याच अंतरावर, म्हणजे समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनावर असावी. याचा अर्थ मध्यरेषेपासून प्रत्येक स्पीकर ३० अंशांवर येतो, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसहि हीच आहे. मधला स्पीकर टीव्हीच्या अगदीं खालीं, कपाटाच्या कडेशीं पुढें ओढून, तोंड किंचित् वर करून ठेवावा. कपाटाच्या आंत खोल ढकलला तर संवाद घोगरा होतो. मागचे दोन त्याच शिफारशीप्रमाणें १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या रेषेच्या किंचित् मागें, आणि कानापेक्षां फूट-दोन फूट उंच असावेत. पुष्कळ ठिकाणीं कारागीर चारहि पेट्या छताच्या चार कोपऱ्यांत ठोकून देतो. त्यानें तारा दिसत नाहींत व फरशी पुसण्यास अडचण होत नाहीं, हें खरें. परंतु मग घोडा पडद्यावर धांवतो आणि त्याच्या टापा छतावरून ऐकूं येतात.

कोच मागच्या भिंतीस अगदीं टेकून नसावा, कारण भिंतीजवळ घुमारी सर्वांत अधिक असते. तो खोलीच्या बरोबर मध्यावरहि नसावा, कारण लांबीला बसणारी सर्वांत ढाली लहर तेथें जवळजवळ नाहींशी होते. टीव्हीच्या भिंतीपासून साडेनऊ ते दहा फूट ही जागा या खोलीस योग्य पडते. खोली लहान असून कोच भिंतीलाच लावणें भाग असेल, तर मागचे स्पीकर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, कानाच्या रेषेंत वर लावावे.

सबवूफरची जागा शोधण्याची रीत थोडी गमतीची आहे. ढाल्या आवाजाच्या लहरी लांब असतात. सेकंदाला ८० कंपनांची लहर सुमारें चौदा फूट, म्हणजे जवळजवळ खोलीइतकीच लांब. त्यामुळें खोलींत कोठें ती फुगते तर कोठें दबते. सोळा फुटांच्या लांबींत ३५ व बारा फुटांच्या रुंदींत ४७ कंपनांपाशीं असा फुगवटा येतो; खोली चौरस असेल तर दोन्ही फुगवटे एकाच ठिकाणीं येऊन घुमारी असह्य होते. यावर उपाय असा कीं, सबवूफर उचलून प्रथम ऐकणाऱ्याच्या जागीं कोचावर ठेवावा, ढोल किंवा तबल्याचा डग्गा असलेलें संगीत लावावें, आणि एकानें भिंतीलगत खालीं वांकून फिरत ऐकावें. जेथें प्रत्येक ठोका सारखा, सुटा व गोळीबंद वाटेल तेथें सबवूफर न्यावा. कोपऱ्यांत आवाज सर्वांत मोठा येतो, पण बहुधा सर्वांत गढूळहि येतो. लहान उपग्रह पेट्यांच्या संचांत सबवूफरला सेकंदाला १२० ते १५० कंपनांपर्यंतचें काम करावें लागतें, व त्या पट्टींत कान दिशा ओळखूं लागतो. म्हणून अशा संचाचा सबवूफर समोरच्या भिंतीलगतच ठेवणें बरें.

जोडणीचें काम अवघड नाहीं. तार तांब्याचीच घ्यावी. एक चौरस मिलिमीटर जाडीची तार आठ मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा विरोध सुमारें ०.२८ ओहम होतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढें तो नगण्य आहे. सोनेरी वेष्टनांतील महाग तारांची कांहींच गरज नाहीं. तांबडें टोंक तांबड्यास व काळें काळ्यास गेलें पाहिजे. एकाच स्पीकरचीं टोंकें उलटीं लागलीं तर त्याचा पडदा इतर पुढें येतांना मागें जातो, ढाला आवाज पोकळ होतो व मधला भास नाहींसा होतो. घरांत पुष्कळदां संच फिका वाजण्याचें कारण एवढेंच असतें. संतत घूं-घूं येत असेल तर टीव्ही, केबलची पेटी व ॲम्प्लिफायर एकाच सॉकेटपट्टीवर जोडून पाहावें. केबल काढतांच घूं-घूं थांबली, तर दोष दोन ठिकाणच्या अर्थिंगचा. चौकोनी लहरीच्या साध्या इन्व्हर्टरवरहि संच गुणगुणतो, तो दोष संचाचा नव्हे.

यानंतर संचाच्या यादींत जाऊन प्रत्येक स्पीकरचें ऐकण्याच्या जागेपासूनचें अंतर खरें मोजून भरावें. ध्वनि एक फूट जाण्यास सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहून किंचित् कमी वेळ घेतो, व संच त्या हिशेबानें जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. संचांत चांचणीचा फुसफुसता आवाज असतो. तो एकेका स्पीकरांतून काढून मोबाइलवरील डेसिबलमापकानें सर्वांची पातळी सारखी करावी. मापक अगदीं अचूक नसला तरी तुलनेस पुरतो. मग मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल चढवावा व सबवूफर थोडा उतरवावा.

या शेवटच्या सूचनेला एक मानवी कारण आहे. वय वाढतें तसतशी प्रथम वरच्या पट्टीची श्रवणशक्ति कमी होते. स्वर खालच्या पट्टींत असल्यामुळें ते ऐकूं येत राहतात, पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’, ‘फ’ यांचें वेगळेपण वरच्या पट्टींत असल्यानें तें हरपतें. म्हणून घरांतील आजोबांना आवाज येतो व शब्द कळत नाहीं. आणि आवाज वाढविला कीं घुमारी वाढून शब्द अधिकच बुडतो. त्यांच्यासाठीं आवाज वाढविण्यापेक्षां घुमारी कमी करणें, मधला स्पीकर त्यांच्या रोखानें वळविणें, डोक्यावरचा पंखा एक घर खालीं आणणें व ‘रात्र’ किंवा ‘संवाद’ या नांवाची सोय संचांत असल्यास ती चालू करणें, हेच खरे उपाय होत. ही सोय मोठे आवाज दाबते व हळू आवाज उचलते. पर्जन्यछायेंतल्या या पट्ट्यांत उन्हाळ्यांत पंख्यावांचून बसवत नाहीं, आणि त्याची घरघर नेमकी हळू बोललेल्या वाक्यांवर पडते, हें ध्यानांत ठेवावें.

शेजारधर्माचा विचारहि याच ठिकाणीं येतो. उन्हाळ्यांत खिडक्या उघड्या, आणि स्लॅबची घरें एकमेकांस टेकलेलीं. अशा स्थितींत सबवूफरचे ठोके भिंतीमार्गेंच वरच्या मजल्यावर जातात. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. खाजगी ध्वनिसंचाचा आवाज स्वतःच्या हद्दीपाशीं या मर्यादेच्या पांच डेसिबलपेक्षां वर जाऊं नये, असेंहि त्यांत सांगितलें आहे. सबवूफरखालीं रबराचा जाड तुकडा घालणें व रात्रीं त्याची कळ उतरविणें एवढ्यानें बरेंच साधतें. परीक्षेच्या दिवसांत शेजारचा विद्यार्थी हाहि एक श्रोताच आहे, आणि त्याला ऐकण्याची इच्छा नाहीं.

तात्पर्य, थोडक्या खर्चांत चौफेर ध्वनि मिळविण्याचा क्रम असा लागतो. प्रथम खोली मऊ करावी; मग समोरचे दोन व मधला स्पीकर चांगल्या प्रतीचे घ्यावे; ते नीट मांडून महिनाभर ऐकावें; त्यानंतर सबवूफर, आणि सर्वांच्या शेवटीं मागचे दोन. बहुतेक घरीं हा क्रम उलटा होतो. आधीं पेट्या मोजल्या जातात, नंतर वॅट, आणि खोलीचा विचार कोणाच्याच मनांत येत नाहीं. ज्या घरांत तो विचार आधीं झाला, त्या घरांत मध्यम किंमतीचा संचहि शोभून वाजतो, मुलांना सिनेमांतला पाऊस पाठीवर पडल्यासारखा वाटतो, आणि आजोबांना ‘काय म्हणाला तो?’ असें शेजारीं बसलेल्या नातवाला पुन्हां पुन्हां विचारावें लागत नाहीं.